किंग काउंटीतील फेलनी खटल्यांच्या नोंदी न्यायालयातून कशा शोधाव्यात?

मृणाल_बॉथेल

नमस्कार. आम्ही वॉशिंग्टन राज्यात बॉथेल येथे राहतो आणि दोन लहान मुलांना दिवसभर सांभाळण्यासाठी एका बाईंना कामावर घेण्याच्या विचारात आहोत. बोलणे जवळजवळ ठरले असताना त्यांनी स्वतःहून सांगितले की काही वर्षांपूर्वी, त्या रेंटनला राहत असताना, त्यांच्यावर किंग काउंटीत फेलनीचा, म्हणजे गंभीर गुन्ह्याचा, एक खटला झाला होता आणि तो आता मिटलेला आहे. त्यांनी हे लपवले नाही याचे आम्हाला कौतुक आहे, त्यामुळे केवळ धास्तीपोटी नकार द्यावा असे वाटत नाही. मात्र मुलांना दिवसभर त्यांच्या हवाली करायचे असल्याने "मिटलेला" याचा नेमका अर्थ काय, हे कागदावर पाहिल्याशिवाय पुढे जाणेही बरे वाटत नाही.

पैसे घेऊन कोणाचीही माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळावर त्यांचे नाव टाकले, तर "फेलनी, किंग काउंटी" एवढी एकच ओळ मिळाली. गुन्हा कोणता, निकाल काय लागला, शिक्षा झाली की नाही, यांपैकी काहीही तिथे नव्हते. मूळ न्यायालयीन नोंद सामान्य माणसाला पाहता येते का, ती कुठे असते, आणि पाहिल्यावर ती वाचायची कशी? बाईंना आम्ही हे करणार असल्याचे सांगितले आहे आणि त्यांची हरकत नाही.

व्यवस्थापक

प्रश्न उपयुक्त आहे, म्हणून धागा सुरू ठेवत आहोत. कोणत्याही खऱ्या व्यक्तीचे नाव, जन्मतारीख किंवा खटल्याचा खरा क्रमांक येथे लिहू नये. नोंद सार्वजनिक असली तरी ती या धाग्यावर कायमची चिकटून राहावी असे आम्हाला वाटत नाही.

रेनियर

मी सिएटलमधील एका वकिली कार्यालयात कागदपत्रांचे काम पाहतो. वकील नाही, त्यामुळे पुढील मजकूर कायदेशीर सल्ला म्हणून न घेता वाटाड्याची माहिती म्हणून घ्यावा.

नोंद गुन्हा जिथे घडला त्या काउंटीच्या न्यायालयात असते, माणूस जिथे राहतो तिथे नसते, ही गोष्ट सर्वप्रथम लक्षात घ्या. तुमच्या बॉथेलच्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण त्या गावाचा एक भाग किंग काउंटीत आहे आणि दुसरा स्नोहोमिश काउंटीत. त्याच गावात, पण हद्दीच्या पलीकडे घडलेल्या प्रकरणाची नोंद एव्हरेटच्या न्यायालयात सापडेल आणि सिएटलमध्ये कितीही शोधले तरी दिसणार नाही. बाईंचे प्रकरण रेंटनचे असेल, तर किंग काउंटी बरोबर आहे. तरीही त्या ज्या ज्या काउंटीत राहिल्या असतील तिथे एकदा नाव पाहून घेणे शहाणपणाचे.

वॉशिंग्टनमध्ये ३९ काउंट्या आहेत आणि फेलनी खटले सुपीरियर कोर्टात चालतात. त्याखालच्या दर्जाचे गुन्हे, म्हणजे ज्यांना कमाल ३६४ दिवसांची कैद आहे ते ग्रॉस मिसडिमीनर आणि कमाल ९० दिवसांची कैद असलेले साधे मिसडिमीनर, हे डिस्ट्रिक्ट कोर्टात किंवा एखाद्या शहराच्या म्युनिसिपल कोर्टात जातात. सुपीरियर कोर्टाच्या नोंदी तिथल्या क्लार्ककडे असतात. किंग काउंटीत या कार्यालयाचे अधिकृत नाव "डिपार्टमेंट ऑफ ज्युडिशियल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन" असे असल्यामुळे पुष्कळ लोक क्लार्कचे कार्यालय शोधत राहतात आणि समोर असलेले पान सोडून देतात. ते कार्यालय सिएटलमध्ये थर्ड अ‍ॅव्हेन्यूवरील जुन्या काउंटी कोर्टहाउसमध्ये आहे आणि दुसरे केंट येथील मॅलेंग रीजनल जस्टिस सेंटरमध्ये.

घरबसल्या शोधण्यासाठी या कार्यालयाचे "केसी स्क्रिप्ट पोर्टल" आहे. तिथे आडनाव आणि नाव टाकून, किंवा क्रमांक ठाऊक असल्यास थेट क्रमांक टाकून, प्रकरण आणि त्याचा रोजनामा पाहता येतो. रोजनामा म्हणजे कोणत्या तारखेला कोणता कागद दाखल झाला याची यादी. प्रत्यक्ष कागद घरून पाहायचा असेल, तर खाते उघडून पानांप्रमाणे पैसे भरावे लागतात. इलेक्ट्रॉनिक प्रतीसाठी राज्याच्या कायद्यात पानाला २५ सेंट असा दर दिलेला आहे. क्लार्कच्या कार्यालयात जाऊन तिथल्या संगणकावर तेच कागद नुसते वाचायला मात्र काही पडत नाही. बॉथेलहून सिएटलला येणे जमत असेल, तर मी तोच मार्ग सुचवेन, कारण तिथले कर्मचारी कायदेशीर सल्ला देत नसले तरी कोणता कागद कुठे सापडेल हे नीट सांगतात. फार जुनी प्रकरणे मायक्रोफिल्मवर आहेत, ती मागवावी लागतात.

क्रमांक वाचायला शिका, कारण निम्मी माहिती त्यातच असते. समजा, क्रमांक १४-१-०००००-० केएनटी असा आहे (शून्ये मी मुद्दाम टाकली आहेत). पहिले दोन अंक दाखल झाल्याचे वर्ष, म्हणजे २०१४. त्यानंतरचा १ म्हणजे फौजदारी प्रकरण. तिथे २ असेल तर दिवाणी, ३ असेल तर घटस्फोटासारखे कौटुंबिक, ४ असेल तर मृत्युपत्र आणि वारसा, ८ असेल तर अल्पवयीन आरोपीचे प्रकरण. शेवटी केएनटी म्हणजे केंट आणि एसईए म्हणजे सिएटल. त्यामुळे नावाने शोधल्यावर दहा ओळी आल्या, तरी मधला अंक १ असलेल्याच ओळी तुमच्या कामाच्या. बाकीच्यांत कोणाचा घटस्फोट झाला हे वाचत बसण्याचे कारण नाही.

सदाशिव_पेठी

पुण्यात भाडेकरू किंवा घरकामाला कोणी ठेवायचे झाले की आपण पोलिसांकडे पडताळणीचा अर्ज भरतो आणि मोकळे होतो. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधता येते, किंवा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की देशातल्या कोणत्याही जिल्हा न्यायालयातले प्रकरण उघडते. अमेरिकेत असे सर्वांसाठी एकच ठिकाण का नाही? काउंटीगणिक हिंडण्यापेक्षा पोलिसांकडूनच दाखला घेतलेला काय वाईट?

रेनियर

एकच ठिकाण नाही, कारण इथली राज्यांची न्यायालये स्वतंत्र आहेत आणि राज्याच्या आतही क्लार्क हा बहुधा काउंटीचा असतो. वॉशिंग्टनमधल्या बहुतेक काउंट्यांच्या सुपीरियर कोर्टांनी राज्याचे "ओडिसी पोर्टल" स्वीकारले आहे, स्नोहोमिशही त्यातच येते. किंग काउंटीने मात्र आपली वेगळी चूल मांडलेली आहे. राज्य न्यायालयांच्या संकेतस्थळावर नावाने शोधण्याची सोय आहे, पण तिथे कागद मिळत नाहीत, आणि ती अधिकृत नोंद नव्हे असे ते स्वतःच सांगतात.

पोलिसांच्या दाखल्यासारखी सोय मात्र आहे. वॉशिंग्टन स्टेट पेट्रोलच्या "वॉच" या ऑनलाइन सेवेत नाव आणि जन्मतारीख दिली, ११ डॉलर भरले की राज्यभरातील दोषसिद्धींची नोंद लगेच मिळते. एक वर्षाच्या आतली आणि अजून निकाल न लागलेली अटकही त्यात दिसते. मृणाल यांनी ही सेवा घ्यावीच, कारण ती एका काउंटीपुरती नसते. तिच्या मर्यादा दोन आहेत. एक, ती केवळ वॉशिंग्टन राज्यापुरती आहे. बाई आधी ओरेगनमध्ये राहत असतील, तर तिथले काही कळणार नाही. दुसरी, त्यात गुन्ह्याचे नाव आणि निकाल मिळतो, पण प्रकरण काय होते याची हकिकत मिळत नाही. ती हकिकत वाचायची तर न्यायालयाचे कागदच उघडावे लागतात.

चाफा

नावाबद्दल दोन शब्द लिहितो, कारण याच ठिकाणी लोक सर्वाधिक घसरतात. पोर्टलवर नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे अजिबात नाही. आपल्याकडचे साधेसुधे नाव आणि कुलकर्णी किंवा पाटील असे आडनाव घेतले, तर एकट्या सिएटल परिसरात त्याच नावाचे अनेक जण निघतील. स्मिथ किंवा गार्सिया यांचे तर विचारूच नका. उलट बाजूने, एकाच माणसाची नोंद वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेली असते: लग्नापूर्वीचे आडनाव, मधले नाव पुढे आलेले, दोन आडनावांपैकी एकच घेतलेले, किंवा अटकेच्या वेळी पोलिसांनी ऐकू आले तसे लिहिलेले स्पेलिंग. आपल्यापैकी ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, त्यांच्या नावापुढे इथे "एफएनयू" ही अक्षरे पहिले नाव म्हणून बसतात आणि मूळ नाव आडनावाच्या जागी जाते. अशांची नोंद शोधणे हा एक स्वतंत्र व्याप आहे. म्हणून बाईंनाच विचारून त्यांची आधीची सर्व नावे लिहून घ्या आणि प्रत्येक नाव शोधा.

ओळख पक्की करायची ती जन्मतारखेवरून. रोजनाम्याच्या यादीत ती बहुधा नसते, पण फौजदारी प्रकरणाच्या मूळ कागदांत सापडते. शिवाय वॉशिंग्टनमध्ये फेलनीच्या निकालपत्रावर आरोपीच्या बोटांचे ठसे घेतलेले असतात, त्यामुळे वाद झालाच तर शेवटचा पुरावा तिथेच असतो.

कोकणकडा

मला एक मूलभूत शंका आहे. मुले सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत केवळ फेलनीच शोधायची का? मद्यपान करून गाडी चालवणे हा फेलनी नसेल, तर मुलांना गाडीतून शाळेत सोडणाऱ्या बाईंबद्दल आपल्याला तो कळणारच नाही.

रेनियर

शंका अगदी रास्त आहे, आणि माझ्या मते या धाग्यातला सर्वांत कामाचा प्रश्न हाच आहे. वॉशिंग्टनमध्ये मद्यपान करून गाडी चालवणे हे नेहमीच्या बाबतीत ग्रॉस मिसडिमीनर असते; वारंवार घडले तरच ते फेलनीत जाते. चौथ्या श्रेणीचा असॉल्ट, म्हणजे बहुतेक घरगुती मारहाणीत लागणारा आरोप, हाही ग्रॉस मिसडिमीनर. चोरीचा माल ७५० डॉलरपेक्षा अधिक किमतीचा नसेल, तर ती तिसऱ्या श्रेणीची चोरी, तीही ग्रॉस मिसडिमीनरच. ७५० च्या पुढे ५,००० पर्यंत दुसऱ्या श्रेणीची आणि त्यापुढे पहिल्या श्रेणीची, या दोन्ही मात्र फेलनी. म्हणजे घरात दिवसभर एकट्या राहणाऱ्या व्यक्तीबद्दल पालकांना ज्या गोष्टींची खरी चिंता असते, त्यांतल्या पुष्कळ गोष्टी सुपीरियर कोर्टाच्या नोंदीत येतच नाहीत.

त्यासाठी किंग काउंटी डिस्ट्रिक्ट कोर्टाचे स्वतंत्र पोर्टल पाहावे लागते. बेलव्ह्यू आणि रेडमंड या शहरांची प्रकरणे तिथेच चालतात. सिएटल, कर्कलंड, रेंटन या शहरांची मात्र स्वतःची म्युनिसिपल कोर्टे आहेत आणि त्यांची नोंद त्यांच्याकडे. "वॉच"च्या अहवालात या खालच्या न्यायालयांतल्या दोषसिद्धीही येतात, म्हणून सुरुवात तिथून करून मग न्यायालयात जाणे सोपे पडते.

पूर्वेचा_वारा

एक पुरवणी. तुरुंगाच्या यादीवर विसंबून राहू नका. किंग काउंटीच्या तुरुंगात आज कोण आहे हे ऑनलाइन दिसते, आणि लोक त्याचेच पान मित्रांना पाठवून अमुक गुन्हेगार असल्याचे सांगत सुटतात. अटक झाली म्हणजे आरोप ठेवला गेला असे नाही. अटकेत असलेल्या व्यक्तीवर सरकारी वकिलाने शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वगळून ७२ तासांत आरोप दाखल करायचा असतो, नाहीतर त्या आरोपाखाली तिला अडकवून ठेवता येत नाही. तोपर्यंत सुपीरियर कोर्टात प्रकरणच नसते, त्यामुळे तुरुंगाच्या यादीत नाव आहे आणि क्लार्ककडे काहीच नाही, असे नेहमी घडते. अनेकदा आरोप पुढे दाखल होतच नाही.

मृणाल_बॉथेल

सर्वांचे आभार. "वॉच"चा अहवाल घेतला, तो पूर्णपणे कोरा आला. त्यामुळे गोंधळ वाढला, कारण केसी स्क्रिप्ट पोर्टलवर बाईंच्या आधीच्या आडनावाने २०१४ सालचे, मधला अंक १ असलेले एक प्रकरण दिसते आहे आणि त्याच्या रोजनाम्यात "जजमेंट अँड सेंटेन्स" असा कागदही आहे. शिक्षा झालेली असताना स्टेट पेट्रोलला ती माहीत नाही, असे कसे होईल? कोणते कागद विकत घ्यावेत?

रेनियर

सगळी फाइल घेऊ नका, पैसे वाया जातील. फेलनी प्रकरणात चार कागद महत्त्वाचे असतात.

पहिला "इन्फर्मेशन", म्हणजे सरकारी वकिलाने दाखल केलेले आरोपपत्र. वॉशिंग्टनमध्ये फेलनी खटले ग्रँड ज्युरीऐवजी (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणारे नागरिकांचे मंडळ) जवळजवळ नेहमी याच कागदाने सुरू होतात. त्यासोबत पोलिसांच्या तपासाचा गोषवारा जोडलेला असतो, ज्याला "सर्टिफिकेशन फॉर डिटरमिनेशन ऑफ प्रॉबेबल कॉज" म्हणतात. हकिकत तिथे सापडते, परंतु ती एका बाजूची आहे आणि न्यायालयात सिद्ध झालेली नाही, याचे भान ठेवून वाचावी.

दुसरा, आरोप बदलले असल्यास "अमेंडेड इन्फर्मेशन". हा कागद लोक हमखास विसरतात. बरीच प्रकरणे तडजोडीने संपतात, आणि मूळ आरोप फेलनीचा असला तरी कबुली मिसडिमीनरची असू शकते. अशा वेळी प्रकरण सुपीरियर कोर्टातच राहते, क्रमांक तोच राहतो, पण दोषसिद्धी मात्र फेलनीची नसते. तुम्हाला जी पहिली एक ओळ मिळाली होती, ती देणारी संकेतस्थळे नेमकी इथेच चुकतात, कारण ती पहिला आरोप उचलतात आणि पुढचे पाहत नाहीत.

तिसरा आणि सर्वांत वजनाचा कागद म्हणजे "जजमेंट अँड सेंटेन्स". कोणत्या कलमाखाली दोषी ठरवले, गुन्हा कोणत्या वर्गाचा आणि शिक्षा किती, हे यात असते. वर्ग तीन आहेत: अ वर्गात जन्मठेपेपर्यंत, ब वर्गात दहा वर्षांपर्यंत आणि क वर्गात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. प्रत्यक्ष शिक्षा १९८१ च्या सेंटेन्सिंग रिफॉर्म अ‍ॅक्टने आखून दिलेल्या तक्त्यावरून, गुन्ह्याची गंभीरता आणि आधीचे गुन्हे पाहून ठरते आणि बहुधा पुष्कळ कमी असते.

चौथा म्हणजे त्या निकालानंतर आलेला कोणताही आदेश. तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक इथे आहे. रोजनाम्याच्या अगदी तळाशी जा आणि २०२१ नंतर काही दाखल झाले आहे का ते पाहा.

मृणाल_बॉथेल

आहे. २०२२ मध्ये "ऑर्डर व्हेकेटिंग" अशा शब्दांनी सुरू होणारा एक कागद आहे. निकालपत्रात कलम ६९.५०.४०१३ लिहिले आहे.

पूर्वेचा_वारा

मग हे ब्लेक निकालाचे प्रकरण आहे. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी "स्टेट विरुद्ध ब्लेक" या खटल्यात अमली पदार्थ नुसते जवळ बाळगण्याचा राज्याचा कायदाच घटनाबाह्य ठरवला. आपल्याजवळ असे काही आहे याची जाणीवही नसलेल्या माणसाला तो कायदा फेलनीची शिक्षा करत होता, हे त्यामागचे कारण. त्यानंतर त्या कलमाखालच्या जुन्या शिक्षा रद्द करून घेता येऊ लागल्या, भरलेला दंड परत मिळू लागला, आणि किंग काउंटीच्या न्यायालयात असे आदेश मोठ्या संख्येने निघाले. विधिमंडळाने २०२३ मध्ये नवा कायदा करून हाच गुन्हा ग्रॉस मिसडिमीनर केला, पण तो पुढच्या काळासाठी आहे.

"वॉच"चा अहवाल कोरा येण्याचे कारण असे की दोषसिद्धी रद्द झाल्यावर स्टेट पेट्रोल ती बाहेर कोणाला देत नाही. न्यायालयाची फाइल मात्र केवळ रद्द झाल्याने नाहीशी होत नाही. ती मोहोरबंद करण्यासाठी वेगळा आदेश लागतो. म्हणून पोर्टलवर प्रकरण दिसते, निकालपत्रही दिसते आणि खाली ते रद्द करणारा आदेशही दिसतो. वरचे वाचून खालचे न वाचणारा मनुष्य चुकीची समजूत करून घेणारच.

कलमाचा आकडा मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. ६९.५०.४०१३ म्हणजे जवळ बाळगणे. शेवटचा ३ नसेल आणि नुसते ६९.५०.४०१ असेल, तर तो विक्रीचा, बनवण्याचा किंवा विकण्याच्या हेतूने बाळगण्याचा गुन्हा, आणि त्याला ब्लेक निकाल लागू होत नाही. एका अंकाने सगळे चित्र बदलते.

चाफा

म्हणजे बाईंनी "मिटलेला आहे" असे सांगितले ते अक्षरशः खरे होते. कायद्याने त्यांना ही गोष्ट सांगण्याचीही गरज नव्हती. दोषसिद्धी रद्द झालेल्या व्यक्तीने आपल्याला कधी शिक्षा झालीच नाही असे उत्तर दिले तरी ते खोटे धरले जात नाही. माझे मत विचाराल, तर अशी बाई मिळणे तुमचे भाग्य आहे.

कोकणकडा

चाफा, भाग्याचे ठाऊक नाही, पण डिस्ट्रिक्ट कोर्ट आणि रेंटनचे म्युनिसिपल कोर्ट पाहिल्याशिवाय मी तरी निर्णय घेतला नसता. एक नोंद निर्दोष निघाली म्हणून बाकीचा शोध सोडून द्यावा असे नाही.

मृणाल_बॉथेल

दोन्ही पाहिली. तिथे त्यांच्या कोणत्याही नावाने फौजदारी काही नाही, वेगमर्यादेचा एक जुना दंड आहे. आम्ही त्यांना कामावर घेत आहोत.

बेसमेंटवाला

याच माहितीचा उपयोग भाडेकरू निवडताना करता येईल का? सिएटल शहरात आमचे एक घर भाड्याने द्यायचे आहे.

रेनियर

थांबा, तिथे नियम निराळा आहे. सिएटल शहराचा "फेअर चान्स हाउसिंग" हा अध्यादेश २०१८ पासून लागू आहे आणि त्यानुसार अटक, दोषसिद्धी किंवा गुन्ह्याचा इतिहास या कारणावरून भाडेकरूला नाकारता येत नाही. प्रौढ लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीबाबत अपवाद आहे, तोही अटींसह. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये या अध्यादेशातील चौकशी करण्यावरची बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर अवैध ठरवली, पण त्या माहितीवरून नकार देण्यावरची बंदी उचलून धरली. तुम्ही त्याच एक-कुटुंबी घरात राहून एखादा भाग भाड्याने देत असाल, तर अध्यादेश लागू होत नाही. पूर्ण घर देत असाल, तर लागू होतो. हे केवळ सिएटल शहराच्या हद्दीपुरते आहे.

नोकरीच्या बाबतीतही राज्याचा २०१८ चा "फेअर चान्स अ‍ॅक्ट" आहे, ज्यात उमेदवार इतर दृष्टीने पात्र ठरण्यापूर्वी गुन्ह्याबद्दल विचारता येत नाही. मात्र अठरा वर्षांखालील मुलांसोबत देखरेखीशिवाय राहण्याच्या कामांना त्यातून वगळलेले आहे, म्हणून मृणाल यांच्या बाबतीत मी तो मुद्दा काढला नव्हता. स्वतः न्यायालयात जाऊन न पाहता एखाद्या पडताळणी कंपनीकडून अहवाल मागवला, तर फेडरल "फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट"प्रमाणे उमेदवाराची लेखी संमती घ्यावी लागते आणि अहवालावरून नकार देण्यापूर्वी त्याची प्रत तिला द्यावी लागते.

ह्यूस्टनकर

टेक्सासमधल्या वाचकांसाठी थोडे. आमच्याकडे फेलनीच्या नोंदी काउंटीच्या डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असतात आणि अ व ब वर्गाच्या मिसडिमीनरच्या नोंदी बहुतेक ठिकाणी काउंटी क्लार्ककडे. हॅरिस काउंटीत मात्र दोन्ही डिस्ट्रिक्ट क्लार्ककडेच आहेत, त्यामुळे एकाच संकेतस्थळावर काम भागते. "डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन" असा शेरा दिसला, तर ती दोषसिद्धी नव्हे. अटी पाळल्या की प्रकरण काढून टाकले जाते.

एडिसनची_आत्या

न्यू जर्सीत "फेलनी" या नावाने शोधत बसू नका. इथे त्या गुन्ह्यांना इंडायटेबल क्राइम म्हणतात, पहिल्या ते चौथ्या श्रेणीचे, आणि ते काउंटीच्या सुपीरियर कोर्टात चालतात. एडिसन मिडलसेक्स काउंटीत येते. दोषसिद्धींचा शोध न्यायसंस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे.

पूर्वेचा_वारा

आणि कोणत्याही काउंटीत कधीच न सापडणारा एक प्रकार राहिला: फेडरल फेलनी. व्हिसातील फसवणूक, बँकेची किंवा ऑनलाइन फसवणूक, करचुकवेगिरी असे खटले फेडरल न्यायालयात चालतात. आपल्या भागासाठी ते वेस्टर्न डिस्ट्रिक्ट ऑफ वॉशिंग्टन. त्याची नोंद "पेसर" या फेडरल न्यायालयांच्या ऑनलाइन सेवेवर मिळते. पानाला १० सेंट, एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीचे बिल ३० डॉलर किंवा त्याहून कमी झाले तर ते माफ होते. "पेसर"वर मात्र देशभर नावाने एकाच वेळी शोधता येते, हे सदाशिव_पेठी यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर समजा.

अनामिक_वाचक

मी इथे नेहमी केवळ वाचते. माझ्या भावाचे प्रकरण याच्या उलट आहे. त्याच्यावर किंग काउंटीत फेलनीचा आरोप होता, तो कमी करून ग्रॉस मिसडिमीनरवर निकाल लागला. आता ग्रीन कार्डाच्या अर्जासाठी न्यायालयाचा निकाल मागितला आहे. पोर्टलवरून उतरवून घेतलेली प्रत चालेल का?

रेनियर

चालणार नाही. इमिग्रेशन खात्याला सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कल लागते. ती क्लार्कच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन किंवा मागणी पाठवून घ्यावी लागते. कायद्यातला दर पहिल्या पानाला ५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येक पानाला १ डॉलर असा आहे. मूळ इन्फर्मेशन, अमेंडेड इन्फर्मेशन आणि निकालपत्र या तिन्हींच्या नकला घ्या, कारण केवळ निकालपत्र दिले तर मूळ आरोपाचे काय झाले हे विचारणारे पत्र पुन्हा येण्याचा संभव असतो. अटक झाली पण आरोप दाखलच झाला नाही अशी आणखी एखादी घटना असेल, तर ज्या पोलीस खात्याने अटक केली त्याच्याकडून तसे लेखी पत्र घ्यावे. न्यायालयात त्याचा कागद नसतो.

निकाल नेमका कोणत्या तारखेचा आहे हेही पाहा. वॉशिंग्टनने २०११ मध्ये ग्रॉस मिसडिमीनरची कमाल कैद एक वर्षावरून ३६४ दिवसांवर आणली, आणि ती मुख्यतः परदेशी नागरिकांसाठी, कारण इमिग्रेशन कायद्यातील काही तरतुदी एक वर्षाच्या संभाव्य शिक्षेवर अडकतात. भावाचा निकाल त्यापूर्वीचा असेल, तर अर्ज भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला ते निकालपत्र दाखवा आणि त्याच्या वाचनानंतरच अर्जातील गुन्ह्यांविषयीच्या रकान्यांना हात लावा.

अनामिक_वाचक

निकाल २०१६ चा आहे. तिन्ही कागदांची मागणी आजच पाठवते.